बाबा आमटेंना बसता येत नव्हतं, मग त्यांनी देशभर प्रवास केला तरी कसा?

बाबा आमटे म्हटलं की आपल्याला आठवतं आनंदवन. पांढरी बंडी, अर्धी चड्डी, कुष्ठरुग्णांची सेवा, पुरस्कारांची मोठी यादी. शाळेत निबंध लिहिताना आपण सगळ्यांनी हे लिहिलेलं असतं.

पण बाबांचे उतारवयातले फोटो एकदा शोधून पाहा. बहुतेक फोटोंत ते एकतर उभे असतात, नाहीतर आडवे. पाहुणे खुर्चीत आणि बाबा पलंगावर पडून बोलतायत, असं दृश्य आनंदवनाला गेलेल्या अनेकांनी पाहिलंय. कारण साधं होतं. बाबांना बसता येत नव्हतं.

मानेच्या आणि कमरेच्या मणक्यांची झीज झाली होती. डॉक्टरी भाषेत सर्व्हायकल आणि लंबर स्पॉन्डिलोसिस. म्हणजे पाठीच्या कण्याचा संधिवात. या माणसाने वयाची सत्तरी ओलांडल्यावर कन्याकुमारीपासून काश्मीरच्या दिशेने यात्रा काढली आणि पंच्याहत्तरीत घर सोडून नर्मदेच्या काठी मुक्काम ठोकला.

आता यावर कुणीही पटकन म्हणेल की बघा, इच्छाशक्ती असली की दुखणं काही करू शकत नाही. पण बाबांची गोष्ट नीट पाहिली तर ती तशी नाहीये. आणि ठाणे, डोंबिवली, कल्याणमधून रोज लोकलला लटकणाऱ्या, सकाळी उठल्यावर पाठ धरून बसणाऱ्या आपल्या पिढीने ती नीट समजून घ्यायला हवी.

शिकारीचा शौक असलेला जमीनदाराचा मुलगा

बाबांचं पूर्ण नाव मुरलीधर देविदास आमटे. जन्म २६ डिसेंबर १९१४, वर्धा जिल्ह्यातल्या हिंगणघाटचा. वडील सरकारी नोकरीत, घरची मोठी शेती. बाबा हे नाव काही नंतर लोकांनी आदराने दिलेलं नाही, घरात लहानपणापासूनच त्यांना बाबा म्हणायचे.

तरुणपणी या मुलाचे थाट काही औरच होते. स्वतःची बंदूक होती, जंगलात शिकारीला जायचा. फिरायला स्पोर्ट्स कार होती आणि तिच्या सीटवर बिबट्याचं कातडं. सिनेमाचं वेड इतकं की इंग्रजी मासिकासाठी सिनेमाची परीक्षणं लिहायचा. हॉलिवूडच्या ग्रेटा गार्बो आणि नॉर्मा शिअरर या नट्यांशी त्याचा पत्रव्यवहार होता.

म्हणजे हा माणूस जन्मतः साधू वगैरे नव्हता. चांगलं खाणंपिणं, धावपळ, व्यायाम, मजबूत शरीर असलेला तरुण होता. पुढच्या गोष्टीसाठी हे लक्षात ठेवा, कारण आपल्याकडे असा समज आहे की हाडांची दुखणी फक्त मुळात अशक्त असलेल्यांना होतात.

नागपूरला शिकून बाबा वकील झाले, वरोऱ्यात वकिली चालू लागली. १९४२ च्या आंदोलनात अटक झालेल्यांच्या बाजूने ते उभे राहिले आणि स्वतःही तुरुंगात गेले. याच काळात रेल्वेत एका तरुणीची छेड काढणाऱ्या गोऱ्या सैनिकांशी ते एकटे भिडले. ही गोष्ट गांधीजींच्या कानावर गेली आणि त्यांनी बाबांना अभय साधक हे नाव दिलं.

१९४६ मध्ये इंदू घुले यांच्याशी लग्न झालं. याच आपल्या साधनाताई. यांच्याशिवाय बाबांची गोष्ट पूर्ण होत नाही, त्या पुढे येतीलच.

न घाबरणारा माणूस कुणाला घाबरला?

बाबा वरोरा नगरपालिकेचे उपाध्यक्ष होते. सफाई कामगारांचं काम किती कठीण असतं हे कळावं म्हणून त्यांनी काही महिने स्वतः डोक्यावरून मैला वाहिला. याच दिवसांत एका पावसाळी रात्री रस्त्याच्या कडेला त्यांना एक माणूस पडलेला दिसला. नाव तुळशीराम. कुष्ठरोगाने हातापायांची बोटं गेलेली, जखमांमध्ये किडे झालेले.

बाबा घाबरले आणि तिथून निघून गेले. सैनिकांना न घाबरणारा माणूस एका आजारी माणसाला घाबरला. ही गोष्ट त्यांना स्वस्थ बसू देईना. ते परत आले, तुळशीरामवर पावसापासून आडोसा केला, त्याची सेवा केली. तुळशीराम वाचला नाही. पण आजारापेक्षा आजाराची भीती मोठी असते, हे बाबांच्या मनात पक्कं बसलं.

त्यानंतर त्यांनी कुष्ठरोगाचा पद्धतशीर अभ्यास करायचं ठरवलं. १९४९ मध्ये ते कलकत्त्याच्या स्कूल ऑफ ट्रॉपिकल मेडिसिनमध्ये शिकायला गेले. डॉक्टर नसतानाही. तिथे संशोधनासाठी माणसाच्या शरीरात जंतू टोचून पाहण्याचा विषय निघाला तेव्हा बाबांनी स्वतःचं शरीर पुढे केलं. त्यांना रोग काही झाला नाही.

वेदना नसलेले लोक आणि वेदना असलेला माणूस

इथे थोडं विज्ञान समजून घेऊ.

कुष्ठरोगात बोटं झडतात असं आपण म्हणतो. प्रत्यक्षात जंतू बोट खात नाही. तो नसांवर हल्ला करतो. नसा मेल्या की त्या भागाला वेदना कळत नाही. मग गरम भांडं हातात धरलं तरी चटका कळत नाही, पायात काटा गेला तरी माणूस चालत राहतो. जखमा चिघळतात आणि हातपाय विद्रूप होतात. म्हणजे तिथे खरा प्रश्न वेदना नसण्याचा असतो.

संधिवातात याच्या नेमकं उलट. तिथे वेदना भरपूर असते, पण बाहेरून काही दिसत नाही. माणूस धडधाकट दिसतो, म्हणून त्याच्यावर कुणाचा विश्वास बसत नाही.

बाबांच्या आयुष्यात या दोन्ही गोष्टी एकत्र आल्या. वेदना न जाणवणाऱ्या माणसांसाठी त्यांनी गाव उभं केलं आणि ते गाव मोठं होत असताना स्वतः मात्र सतत दुखणाऱ्या शरीरात राहिले.

आनंदवन: १४ रुपये आणि एक लंगडी गाय

१९५१ मध्ये वरोऱ्याजवळ मिळालेल्या ५० एकर जमिनीवर आनंदवन सुरू झालं. उद्घाटन विनोबा भावेंनी केलं. सोबत काय होतं? साधनाताई, दोन लहान मुलं विकास आणि प्रकाश, सहा कुष्ठरुग्ण, एक लंगडी गाय, चार कुत्री आणि १४ रुपये.

जमीन खडकाळ, झुडपांनी भरलेली. साप, विंचू, बिबटे. पाण्याचा पत्ता नाही. वैदर्भीय उन्हाळ्यात बाबा, साधनाताई आणि रुग्णांनी मिळून विहीर खणली. ज्यांच्या हाताला बोटं नाहीत अशा लोकांनी कुदळी धरल्या. शेती झाली, भाजीपाला आला, दूध आलं. सुरुवातीला वरोऱ्यातले लोक ती भाजी घ्यायला तयार नव्हते. हळूहळू भीती गेली आणि भाजी विकली जाऊ लागली.

बाबांचा विचार असा होता की दान माणसाला लाचार बनवतं आणि काम त्याला पुन्हा उभं करतं. म्हणून आनंदवनात प्रत्येकाला त्याच्या शरीराला जमेल असं काम. बोटं नसतील तर अवजाराची मूठ बदलायची, पाय नसेल तर बसून करायचं काम शोधायचं. हातमाग, सुतारकाम, छपाई असे उद्योग उभे राहिले. पुढे कुष्ठरुग्णांबरोबर अंध, कर्णबधिर आणि अपंग मुलंही आली. अपंगांना व्यवसाय शिकवण्यासाठी संधिनिकेतन सुरू झालं. ज्यांना समाजाने बाहेर काढलं होतं त्यांनी समाजाच्या मुलांसाठी आनंद निकेतन महाविद्यालय उभं केलं.

आजारी माणसाला कामासाठी बदलायचं नाही, कामाला माणसासाठी बदलायचं. ही आनंदवनाची पद्धत लक्षात ठेवा. बाबांच्या स्वतःच्या दुखण्यातही हीच कामी आली.

मग पाठीच्या कण्याला नेमकं काय झालं?

आपल्या मानेत ७, छातीच्या मागे १२ आणि कमरेत ५ मणके असतात. दोन मणक्यांच्या मध्ये एक मऊ चकती असते, गाडीच्या शॉक ॲब्सॉर्बरसारखी. मणक्यांच्या मागच्या बाजूला छोटे सांधेही असतात. वय वाढतं तशी चकती सुकते, चपटी होते. सांध्यांवरची कूर्चा झिजते. शरीर ही झीज भरून काढायचा प्रयत्न करतं आणि कडेला जास्तीचं हाड वाढतं. हे हाड किंवा सरकलेली चकती नसेवर दाबली की मानेतून हातात, कमरेतून पायात कळा जातात, मुंग्या येतात, कधी ताकद कमी होते.

याला स्पॉन्डिलोसिस म्हणतात. यामागे वय, आनुवंशिकता, वर्षानुवर्षं उचललेली ओझी, जुन्या दुखापती अशी अनेक कारणं एकत्र असतात.

घाबरून जायचं कारण नाही. साठीच्या पुढे बहुतेकांच्या एक्स-रेमध्ये थोडीफार झीज दिसतेच आणि त्यातल्या कित्येकांना काहीही त्रास नसतो. पण बाबांचं दुखणं या साध्या झिजेच्या फार पुढे गेलं होतं.

बसताच का येईना? बसल्यावर, त्यातही पुढे वाकून बसल्यावर, कमरेच्या चकत्यांवरचा भार उभं राहण्यापेक्षा वाढतो. आडवं झाल्यावर तो सगळ्यात कमी होतो. बाबांच्या कण्याला हा बसण्याचा भार सहन होईना. त्यामुळे त्यांच्याकडे दोनच पर्याय उरले. उभं राहायचं किंवा आडवं व्हायचं. मानेला कॉलर, कमरेला पट्टा.

जरा विचार करून पाहा. जेवण, लिखाण, बैठक, प्रवास, भाषण. आपण दिवसभरात जे जे बसून करतो ते सगळं बाद.

झोपून केलेली भारत यात्रा

ऐंशीच्या दशकात पंजाब पेटला होता, देशात धर्म आणि भाषेवरून तणाव होता. बाबांनी ठरवलं की तरुणांना घेऊन देशभर फिरायचं आणि लोकांना जोडायचं. डिसेंबर १९८५ मध्ये कन्याकुमारीहून भारत जोडो यात्रा निघाली. शंभराहून अधिक तरुण-तरुणी सायकलवर आणि ७१ वर्षांचे बाबा सोबतच्या गाडीत. उत्तरेपर्यंतचं हे अंतर सुमारे ५ हजार किलोमीटर होतं.

गाडीत बाबांसाठी सीट नव्हती, बिछाना होता. ते झोपून प्रवास करायचे, गाव आलं की उतरून उभ्याने बोलायचे आणि पुन्हा आडवे व्हायचे.

१९८८-८९ मध्ये दुसरी यात्रा झाली. अरुणाचलच्या इटानगरपासून गुजरातच्या ओख्यापर्यंत, पूर्व ते पश्चिम. हे अंतर साडेसात हजार किलोमीटरच्या आसपास होतं. यावेळीही तीच पद्धत.

मधल्या काळात पुरस्कार येत होते. १९७१ मध्ये पद्मश्री मिळालीच होती, १९८५ मध्ये रॅमन मॅगसेसे, १९८६ मध्ये पद्मविभूषण, १९८८ मध्ये संयुक्त राष्ट्रांचा मानवी हक्क पुरस्कार, १९९० मध्ये टेम्पल्टन पुरस्कार. या वयात, या पाठीने कुणीही म्हटलं असतं की आता आराम.

बाबांनी १९९० मध्ये आनंदवन सोडलं. सरदार सरोवर धरणामुळे विस्थापित होणाऱ्या लोकांसोबत राहायला ते साधनाताईंना घेऊन मध्य प्रदेशात बडवानीजवळ कसरावदला, नर्मदेच्या काठी गेले. तिथे त्यांनी जवळपास दहा वर्षं काढली. तब्येत खालावल्यावर ते आनंदवनात परतले. ९ फेब्रुवारी २००८ रोजी, वयाच्या ९४ व्या वर्षी, रक्ताच्या कर्करोगाने त्यांचं निधन झालं. त्यांच्या इच्छेप्रमाणे दहन न करता आनंदवनाच्या मातीतच त्यांचं दफन करण्यात आलं.

ही इच्छाशक्तीची गोष्ट का नाही?

म्हणजे इच्छाशक्ती नव्हती असं नाही. ती होतीच. पण नुसत्या इच्छाशक्तीने मणका सरळ होत नाही. बाबांचा झाला नाही. ते शेवटपर्यंत बसू शकले नाहीत.

मग फरक कशाने पडला? तीन गोष्टींनी.

पहिली गोष्ट, त्यांनी दुखणं लपवलं नाही. ज्या देशात नेता खुर्चीवरून ओळखला जातो तिथे हा माणूस मोठमोठ्या पाहुण्यांशी पलंगावर पडून बोलला. कॉलर आणि पट्टा उघडपणे वापरला. त्यामुळे भेटायला येणाऱ्या प्रत्येकाला न सांगता कळायचं की या माणसाच्या शरीराच्या मर्यादा या आहेत आणि त्या सांभाळूनच पुढचं बोलायचं आहे. जागरूकता म्हणजे फक्त बॅनर आणि रॅली नाही. आपल्याला काय जमत नाही हे न लाजता दाखवणं हीसुद्धा जागरूकता असते.

दुसरी गोष्ट, बदल शरीरात करता आला नाही तर तो गाडीत केला. सीट काढून बिछाना टाकला. ऐकायला सोपं वाटतं, पण आपण नेमकं हेच करत नाही. आपण दुखणाऱ्या माणसाला सांगतो की जरा सहन कर. खुर्ची बदलत नाही, टेबलाची उंची बदलत नाही, वेळ बदलत नाही.

तिसरी आणि सगळ्यात महत्त्वाची गोष्ट, बाबा एकटे नव्हते. साधनाताई होत्या, मुलं-सुना होत्या, आनंदवनातले शेकडो हात होते. साधनाताईंनी संसार, आनंदवन आणि बाबांचं आजारपण असं तिन्ही सांभाळलं आणि समिधा हे आत्मचरित्र लिहून त्यांनी हा प्रवास आपल्या बाजूनेही मांडला. ९ जुलै २०११ रोजी त्या गेल्या. आपल्या घरांमध्येही दुखणाऱ्या माणसामागे अशी एक साधनाताई असते आणि तिचं कंबरदुखी-गुडघेदुखीचं मात्र कुणी विचारत नाही.

म्हणून पुढच्या वेळी कुणी तुमच्या दुखण्यावर बाबा आमटेंचं उदाहरण देऊन गप्प करायला लागलं, तर त्यांना सांगा की बाबांच्या गाडीत बिछाना होता. माझ्यासाठी काय सोय आहे?

तुम्ही म्हणाल, हा तर म्हाताऱ्यांचा आजार

इथेच सगळ्यात मोठा गैरसमज आहे. संधिवात हा एक आजार नाही, शंभरहून जास्त आजारांचं ते एकत्र नाव आहे. आणि त्यातले काही नेमके तरुणपणीच गाठतात.

लहान मुलं: १६ वर्षांच्या आत सुरू होणारा बालसंधिवात असतो. सकाळी उठल्यावर मूल लंगडतं, दुपारी मात्र खेळतं. म्हणून घरच्यांना वाटतं की शाळा बुडवायचं नाटक आहे. एखाद्या सांध्याची सूज सहा आठवड्यांपेक्षा जास्त टिकली तर डॉक्टरांना दाखवायलाच हवं. यात डोळ्यांच्या आतही न दुखता सूज येऊ शकते, त्यामुळे डोळ्यांची तपासणीही लागते.

विशी-तिशीतले: अँकिलोझिंग स्पॉन्डिलायटिस हे नाव स्पॉन्डिलोसिसच्या जवळचं वाटतं, पण आजार वेगळा. स्पॉन्डिलोसिस झिजेचा, हा सुजेचा. शरीराची प्रतिकारशक्ती स्वतःच्याच कण्याच्या सांध्यांवर हल्ला करते. साधारण ४५ वर्षांच्या आत सुरू होतो. ओळख काय? पाठ आराम केल्यावर जास्त दुखते आणि हालचाल केल्यावर बरी वाटते. पहाटे दुखण्याने जाग येते. उठल्यावर अर्धा तास किंवा त्याहून जास्त वेळ पाठ लाकडासारखी कडक असते. असा त्रास तीन महिन्यांपेक्षा जास्त चालला तर तो गर्दीच्या लोकलचा किंवा ऑफिसच्या खुर्चीचा दोष आहे असं म्हणून सोडून देऊ नका. डोंबिवलीहून रोज तासभर उभं राहून जाणाऱ्याला पाठदुखीचं कारण समोरच दिसतं आणि खरं कारण वर्षानुवर्षं सापडत नाही.

तिशी ते साठी: ऱ्हुमॅटॉइड आर्थ्रायटिस, ज्याला आपल्याकडे आमवात म्हणतात. बोटांचे, मनगटांचे छोटे सांधे दोन्ही बाजूंना सुजतात, सकाळी मूठ वळत नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या आकडेवारीनुसार २०१९ मध्ये जगात १ कोटी ८० लाख लोकांना हा आजार होता आणि त्यात साधारण ७० टक्के स्त्रिया होत्या. कणीक मळताना मनगट दुखतं ही तक्रार घरात थट्टेवारी नेली जाते, ती यासाठी नेऊ नये.

पन्नाशी-साठीनंतर: गुडघ्यांचा, मणक्यांचा झिजेचा संधिवात, म्हणजे ऑस्टिओआर्थ्रायटिस. २०१९ मध्ये जगात सुमारे ५२ कोटी ८० लाख लोकांना हा होता आणि त्यातले जवळपास पाऊण लोक ५५ च्या पुढचे होते. म्हणजे उरलेले पाव ५५ च्या आतले. वजन आटोक्यात ठेवणं आणि मांडीचे स्नायू मजबूत करणं हे इथलं मोठं औषध.

कुष्ठरोगाने शिकवलेला धडा इथेही लागू पडतो

कुष्ठरोगावर १९८० च्या दशकात बहुविध औषधोपचार आले आणि वेळेत उपचार घेतले तर हातापायांचं विद्रूप होणं टळू लागलं. आमवाताचंही तसंच आहे. सुरुवातीच्या महिन्यांत योग्य औषध सुरू झालं तर बोटं वाकडी होणं टाळता येतं. एकदा सांधा मोडला की औषधाने तो सरळ होत नाही.

पण दोन्हीकडे लोक उशिरा पोहोचतात. तिकडे भीतीने, इकडे दुर्लक्षाने.

म्हणून काही गोष्टी पक्क्या लक्षात ठेवा. सूज असलेला सांधा, सकाळची लांबलेली जखडण, पाठदुखीसोबत डोळा लाल होऊन दुखणं किंवा त्वचेवर सोरायसिसचे चट्टे, यातलं काही असेल तर संधिवाततज्ज्ञ म्हणजे ऱ्हुमॅटॉलॉजिस्टला दाखवा. पाठदुखीबरोबर पायातली ताकद जात असेल किंवा लघवी-संडासवरचा ताबा सुटत असेल तर त्याच दिवशी हॉस्पिटल गाठा.

आमवातासाठी दिलं जाणारं मेथोट्रेक्सेट हे औषध बहुतेकदा आठवड्यातून एकदाच घ्यायचं असतं. चुकून रोज घेतलं तर जिवावर बेतू शकतं. घरातल्या वयस्कर माणसांच्या गोळ्यांच्या डबीवर वार लिहून ठेवा. आणि दोन दिवसांत दुखणं पळवणाऱ्या, कशाच्या आहेत ते न सांगता विकल्या जाणाऱ्या पुड्यांपासून लांब राहा. अशा पुड्यांमध्ये अनेकदा स्टेरॉइड मिसळलेलं सापडतं. दुखणं थांबतं, पण आतून हाडं ठिसूळ होतात आणि साखर वाढते.

आपल्या भागात बाबांचा विचार कुठे दिसतो?

आनंदवन वरोऱ्याला आहे, ठाण्यापासून खूप लांब. पण तो विचार इथेही पोहोचलाय. कल्याणमध्ये कुष्ठरुग्णांची वसाहत आहे आणि तिथल्या लोकांच्या पुनर्वसनासाठी झटणारे डोंबिवलीचे गजानन माने यांना २०२३ मध्ये पद्मश्री मिळाली. आजारी माणसाला दयेपेक्षा काम आणि मान द्यायला हवा, हीच त्यामागची धारणा.

संधिवातासाठीही आपल्याला हेच करता येईल. दरवर्षी १२ ऑक्टोबरला जागतिक संधिवात दिन असतो. त्या दिवशी फॉरवर्ड पाठवण्यापेक्षा थोडं वेगळं काही करता येईल. सोसायटीच्या जिन्याला दोन्ही बाजूंना कठडा आहे का ते पाहा. इमारतीच्या दारात दोन पायऱ्या असतील तर बाजूला उतार करता येईल का, हे मीटिंगमध्ये विचारा. मंदिरात, लग्नाच्या हॉलमध्ये पंगतीबरोबर चार खुर्च्या मांडा. लोकलमध्ये धडधाकट दिसणारी तरुण मुलगी बसायला जागा मागत असेल तर तिचं वय बघून तिला खोटं ठरवू नका. आणि उलट, एखाद्याला बसण्यापेक्षा उभं राहणंच सोसत असेल तर त्याला जबरदस्तीने बसवूही नका. बाबांनाही ते चाललं नसतं.

संधी या शब्दाचे मराठीत दोन अर्थ आहेत. एक सांधा आणि दुसरा मोका. बाबांच्या शरीराचे सांधे एकेक करून साथ सोडत गेले. पण सोबतच्या माणसांनी गाडीत बिछाना टाकला आणि दुसऱ्या अर्थाची संधी त्यांना मिळत राहिली. तुमच्या घरात, ऑफिसात, डब्यात कुणाचे सांधे दुखत असतील, तर पहिली संधी डॉक्टर सांभाळतील. दुसरी तुमच्या-आमच्या हातात आहे.